एक पट्टी बेसूर

"हे बघा, तीनची बोट पकडून आलोय मी. पियानो आज सुरात लागणार म्हणजे लागणार!"

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. हातात चामड्याची काळी पेटी, अंगावर भिजलेला कोट, आणि राग अगदी नाकाच्या शेंड्यावर.

मफाल्दानं डबल बासच्या मानेआडून त्याच्याकडे पाहिलं. तिचं ते व्हायोलिनच्या घडणीचं वाद्य तिच्याहून हातभर उंच. त्याच्या आड राहून कुणाला न्याहाळायचं असेल तर सोय फार चांगली. तिनं न्याहाळलं. डोळे तपकिरी होते, रागावलेले होते आणि… बरे होते.

"आणि आम्ही दोन वाजल्यापासून इथे आहोत," ती म्हणाली. "पाचपर्यंत सभागृह आमचं आहे. आमच्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण चाललंय."

"हो का? कुठली गाणी?"

"गाणी नाहीत."

"मग काय वाजवणार?"

"ते वाजवल्यावर कळेल."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू पत्ता चुकून वेड्यांच्या इस्पितळातच येऊन पोचलाय. पण ती थट्टा करत नव्हती हो. खरंच तसंच होतं. त्या तिघांचा गट फ्री जॅझ वाजवायचा. लिहिलेलं काही नाही, ठरलेलं काही नाही, ताल नाही, चाल नाही. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं ऐकायचं, मग जे सुचेल ते. आणि एकदा वाजलं ते वाजलं. परत वाजवायचं नाही, कापायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. हा नियम एवारिश्तो मास्तरांचा. मास्तर सॅक्सोफोन वाजवत. तीस वर्षं नौदलाच्या बँडमध्ये कागदावर लिहिलेलं वाजवून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांनी कागदाच्या नावानं कानाला खडा लावला. तिसरा निकोलाउ. ड्रम त्याचे, माइक त्याचे, रेकॉर्डरही त्याचाच.

चूक कुणाची म्हणाल, तर दोना ग्रासिंदाची. बूच कारखान्यातल्या कामगारांनी कधीकाळी काढलेलं हे गल्लीतलं मंडळ. त्याचं उपाहारगृह आणि सभागृहाची वही, दोन्ही तिच्या हातात. सोमवारच्या एकाच चौकोनात तिनं दोघांना बसवून टाकलं होतं. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणानिमित्त मुलांचा गायनवृंद गाणार, म्हणून पियानो लावायला बोलावलेला हा माणूस, आणि हे तिघं.

"भांडू नका रे," ती आतून बटाटे सोलत ओरडली. "कोबीचं सूप होतंय. भांडणाऱ्याला मिळणार नाही."

मास्तरांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला. "करू दे त्याला त्याचं काम. आपण थांबू."

त्या माणसाचं नाव तेल्मो. त्यानं पियानोचं झाकण उघडलं आणि तारांवर टांगलेला माइक बघून भुवया चढवल्या. ड्रम वाजला की पियानोच्या तारा आपोआप गुणगुणतात, ते गुणगुणणं निकोलाउला हवं होतं, म्हणून त्यानं तो तिथे टांगला होता.

"राहू द्या तो," निकोलाउ म्हणाला. "तुमच्या आड नाही येणार."

तेल्मोनं खांदे उडवले. लोक वाजवायचे थांबलेत म्हणजे यंत्रही थांबलं असणार, असं त्यानं धरलं. आणि बिचाऱ्याचं काय चुकलं? पियानो सुरात लावतानाचं रेकॉर्ड कोण शहाणा करतो?

त्यानं मधला 'ला', म्हणजे पाश्चात्त्य सरगमातला सहावा सूर, वाजवला. ऐकला. परत वाजवला. तार ताणायची किल्ली केसभर फिरवली, परत तोच ला. आणि परत. आणि परत.

पाचव्यांदा की सहाव्यांदा… मास्तरांनी सॅक्सोफोन उचलून नुसती फुंकर घातली. सूर नाही, फक्त वारा. निकोलाउनं ड्रमच्या चामड्यावर बोट ओढलं. आणि मफाल्दाचा गज कधी उचलला गेला, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं त्याच्या लाच्या खाली आपला ला ठेवला. अगदी शेजारी, पण जरासा उतरलेला. दोन जवळचे सूर असे घासले की त्यांच्यामध्ये एक लाट उठते, वां… वां… वां… तशी लाट सभागृहभर पसरली.

तेल्मोनं झाकणाखालून डोकं बाहेर काढलं. "अहो, कृपा करा! मला ऐकू येत नाहीये!"

ती थांबली. निष्पाप चेहरा करून गज खाली घेतला. तो आत गेला, ला वाजला… आणि तिचा गज परत वर. या खेपेला ती त्याच्या सुराला अगदी चिकटून गेली. वाटलं, आता हा पेटी आवरून निघणार. पण त्यानं नुसतं पाहिलं. झाकण आणि चौकट यांच्यामधल्या वीतभर फटीतून त्याचे डोळे दिसत होते. मग त्यानं भलतीच पट्टी दाबली, तिला अपेक्षा नव्हती तिथे. तिनं उत्तर दिलं. त्यानं थांबायला लावलं, ती थांबली. त्यानं एक तार हळूहळू चढवत नेली, ती सोबत चढत गेली. मध्येच त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढं पुरे झालं. मफाल्दाच्या गालांवर ऊन आलं, बाहेर धो धो पाऊस असताना.

तेवीस मिनिटांनी त्यानं झाकण धाडकन लावलं. "झालं. पियानो सुरात आहे. तुमचं तुम्ही बघा!"

मास्तर डोळे मिटून बसले होते. "निकोलाउ," ते हळूच म्हणाले, "ही आपल्या रेकॉर्डची पहिली बाजू."

म्हातारा थट्टा करतोय, असं मफाल्दाला वाटलं.

*

सुपाच्या वाडग्यावरून तेल्मोचा राग उतरला. भूक भागली की निम्मे पुरुष शहाणे होतात, असं दोना ग्रासिंदाचं म्हणणं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ती दुसरा वाडगा वाढायची.

"एक विचारू?" तो पावाचा तुकडा मोडत म्हणाला. "तुम्ही खरंच काही ठरवत नाही?"

"काही नाही."

"आणि छान झालं तर? परत वाजवावंसं नाही वाटत?"

"छान झालेलं परत वाजवलं की त्याचं भूत होतं." हे वाक्य मास्तरांचं होतं, पण ती ते स्वतःचं म्हणून वापरायची. "आणि तुम्ही? एकच सूर दोनशे वेळा वाजवता, कंटाळा नाही येत?"

"तो दर वेळी वेगळा असतो."

"अय्या! असं होय."

"हसू नका. खरंच. आणि एकदा जागेवर बसला ना, की…" त्यानं हात हवेत स्थिर धरला. बोटं लांब होती, नखं अगदी बारीक कापलेली. "की मग बरं वाटतं."

निघताना तिला पाठीवर बास घेऊन चढण चढायची होती. तो म्हणाला, चला, छत्री धरतो. आणि त्यानं छत्री धरली ती बासवर! मफाल्दा शेजारून चिंब भिजत चाललेली.

"अहो, मी इकडे आहे!"

"दिसताय. पण पाणी लाकडाला वाईट. माणसं काय, वाळतात."

ती खळखळून हसली. पायऱ्यांच्या वळणावर तो थांबला, अंगातला कोट काढला आणि तिच्या डोक्यावर टाकला. कोटाला ओल्या लोकरीचा आणि कसल्याशा तेलाचा वास येत होता. घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की कोट परत द्यायचा राहिला. की… राहू दिला? देव जाणे.

कोट परत द्यायच्या निमित्तानं ती दुसऱ्या दिवशी बोटीच्या धक्क्यावर गेली. तो नदीपलीकडे बारैरोला राहायचा, दुपारी इकडे येऊन पियानो लावायचा आणि संध्याकाळी साडेपाचच्या बोटीनं परतायचा. त्या दिवशी त्याची साडेपाचची चुकली. बुधवारी साडेपाचची आणि सहाची. शुक्रवारी त्यानं ओळीनं चार बोटी सोडल्या. तिकीट तपासणाऱ्या बाईनं शेवटी विचारलं, "साहेब, तुम्हाला पलीकडे जायचंय की धक्का विकत घ्यायचाय?"

'अहो'चं 'अरे' कुठल्या बोटीला झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

शनिवारी मात्र तो नदीकडेच बघत होता. नदीवर धुकं उतरलं होतं, पलीकडचे दिवे पुसट झाले होते.

"मफाल्दा… सोळा तारखेला मी हॅम्बुर्गला चाललोय. पियानो बनवतात तिथे. नुसते लावायचे नाहीत, लाकडापासून घडवायचे. दोन वर्षं शिकवणार आहेत. उन्हाळ्यातच सही केली मी. तेव्हा…" तो थांबला. "तेव्हा मला माहीत नव्हतं."

काय माहीत नव्हतं, ते विचारायचं होतं की नाही तिनं! त्याचा हात धरावासा वाटत होता. आणि ती काय म्हणाली? मान उडवून, हसून म्हणाली, "मग जा की! कोण अडवतंय?"

का म्हणाली? कुणी गळ्यात पडलेलं तिला आवडायचं नाही, स्वतः कुणाच्या गळ्यात पडणं तर त्याहून नाही. ठरवायचं नाही, धरून ठेवायचं नाही, आलं तसं जाऊ द्यायचं. हा वाजवण्याचा नियम तिनं जगण्यालाही लावून टाकला होता, आणि आजवर तो बरा चालला होता.

तेल्मोनं मान डोलावली. "बरोबर आहे. कुणीच नाही."

आणि समोर लागलेली बोट त्यानं पहिल्यांदाच लगेच पकडली.

*

पुढचे तीन दिवस ती धक्क्यावर गेली नाही. तोही आला नाही मंडळात. बासची तार छेडली की तिला त्याचा ला आठवायचा, आणि आठवला की हात थांबायचा. असं तिचं कधी झालं नव्हतं.

बुधवारी निकोलाउच्या स्वयंपाकघरात तिघं रेकॉर्डिंग ऐकायला बसली. मास्तर थट्टा करत नव्हते हो. ती तेवीस मिनिटं खरोखरच जिवंत होती. हट्टी ला, त्याच्याखाली लाटा, मध्येच "मला ऐकू येत नाहीये!" आणि त्याच्यावर मास्तरांची फुंकर, हसू दाबल्यासारखी.

"पियानोतला माइक मात्र बघायला हवा," निकोलाउ म्हणाला. "मध्ये मध्ये काहीतरी पुटपुट येतेय. बघ गं, काय आहे."

तिनं हेडफोन चढवला. निकोलाउनं बाकीचे आवाज बंद करून फक्त तो एक माइक सोडला.

आधी किल्लीची करकर. मग तेल्मोचा आवाज, इतका जवळ, की तिला वाटलं कानाला ओठ लागलेत. "ये… ये बाळा… अजून केसभर… हं. तिथेच थांब. हलू नकोस." तारेशी बोलत होता वेडा! ती एकटीच हसली. मग ला वाजला, खालून तिचा सूर आला… आणि तो पुन्हा बोलला.

"आणि ही बया बघ. काय सूर लावतेय. चिडवतेय मला… वाजव गं. थांबू नकोस." मग बराच वेळ नुसत्या तारा. मग अगदी हळू, "चौदा दिवस राहिले रे देवा माझे. एवढी वर्षं काय झोपला होतास? आत्ता भेटवायची होती ही मला?"

मफाल्दानं हेडफोन काढला. परत घातला. निकोलाउला म्हणाली, जरा मागे घे. एकदा, दोनदा, पाचदा. एकदा वाजलं ते वाजलं म्हणणारी मुलगी! तिचे डोळे भरून आले ते दोघांनी पाहिलं आणि दोघंही शहाण्यासारखे कॉफी करायला उठले.

मास्तरांनीही मग ते ऐकलं. कप खाली ठेवून म्हणाले, "कापायचं काही नाही. पण आवाज त्याचा आहे. त्याला ऐकवल्याशिवाय, त्यानं हो म्हटल्याशिवाय ही रेकॉर्ड निघणार नाही. जा, तूच जा."

*

त्याच संध्याकाळी धक्क्याबाहेर चेस्टनट भाजणाऱ्याची गाडी उभी होती आणि धुरानं निम्मी गल्ली पांढरी झाली होती. मफाल्दानं चेस्टनट भरलेला कागदाचा एक कोन घेतला. हात गरम राहावेत म्हणून, आणि हातांना काहीतरी काम असावं म्हणूनही.

तो आला. तिला बघून थबकला. तिनं नुसता हेडफोन पुढे केला.

तो ऐकत होता आणि ती त्याचे कान बघत होती. आधी शेंडे लाल झाले, मग पाळ्या, मग मान. शेवटी त्यानं हेडफोन काढून तिच्या हातात दिला, नजर नदीकडे ठेवून.

"हे काढून टाका."

"आम्ही काही कापत नाही. मास्तरांचा नियम आहे."

"मग मास्तरांना माझा नकार कळव."

"तेल्मो, पण—"

"ते मी पियानोशी बोलत होतो! पियानो कुणाला सांगत नाही. लोकांनी घरी बसून कॉफी पीत ऐकायला नव्हतं ते." त्याचा आवाज खाली आला. "तुला मी जातोय म्हणून सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? तेही तू एकदाच म्हणालीस. तुमच्यात परत काही नसतंच ना."

आता तरी बोलावं की नाही? सगळं ओठाशी आलं होतं. जाऊ नकोस. मी खोटं बोलले. चार रात्री झोप नाही. सगळं, सगळं! तो वाट बघत होता, ते तिला दिसत होतं. तिनं तोंड उघडलं.

"घे ना… गार होतील," ती म्हणाली आणि चेस्टनटचा कोन पुढे केला.

तेल्मोनं एक उचलला. सोलला नाही, खिशात टाकला. "शनिवारी यायचंय मला मंडळात," तो म्हणाला. "दोना ग्रासिंदाला कबूल केलंय. सणाच्या आधी पियानो एकदा तपासून देतो. त्यानंतर काही येणं होणार नाही."

बोट गेली. कोन तिच्या हातात तसाच गार झाला.

*

"नाही म्हणतोय तो," तिनं मास्तरांना सांगितलं. "मास्तर, तेवढंच कापू या ना. दोन वाक्यं. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मास्तर सॅक्सोफोन पुसत होते. फडकं बाजूला ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, न ठरवता वाजवायचं म्हणजे काय, सांग बघू."

"म्हणजे… पुढचं ठरवायचं नाही. धरून ठेवायचं नाही."

"चूक. म्हणजे मनात आलं ते त्याच क्षणी बाहेर काढायचं. भीती वाटली तरी. वाईट लागलं तरी. तू वाजवताना काढतेस, आणि वाद्य खाली ठेवलं की सगळं गिळून बसतेस. मग कात्री टेपला लावू, की तुझ्या भित्रेपणाला?"

तिला इतका राग आला, की ती दार आपटून निघून गेली. खरं ऐकलं की येतो तसा राग. चढण चढेपर्यंत तो टिकला, वर पोचल्यावर रडू आलं.

*

शनिवारी दुपारी ती मंडळात आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. संत मार्टिनच्या सणाला दोनतीन दिवस असं ऊन पडतंच, म्हातारी माणसं त्याची वाटच बघत असतात.

दोना ग्रासिंदानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बास कुठाय?"

"घरी."

"मग हात हलवत काय करणार आत जाऊन?"

"तेच तर कळत नाहीये," मफाल्दा म्हणाली. खरोखरच कळत नव्हतं. तिनं काहीही ठरवलं नव्हतं.

सभागृहात तेल्मोचं डोकं झाकणाखाली होतं. बाजूच्या काचेच्या कपाटातल्या फुटबॉलच्या चषकांवर ऊन चमकत होतं. त्याला पावलं ऐकू आली असणार, त्याचे कान ते! पण त्यानं मान वर केली नाही.

ती पियानोच्या दुसऱ्या बाजूला गेली. वाकली. आणि आपलंही डोकं झाकणाखाली घातलं. आत जुन्या लाकडाचा, लोकरीचा, धुळीचा वास होता. तारांच्या पलीकडे त्याचे डोळे होते. तिनं तिकडे मुळीच पाहिलं नाही. तिनं तारांकडे पाहिलं.

"ऐक रे बाबा," ती पियानोला म्हणाली. "तुला म्हणून सांगते. कुणाला सांगू नकोस."

किल्लीची करकर थांबली.

"एक माणूस आहे. छत्री माणसावर धरायची सोडून लाकडावर धरतो. त्याला मी जा म्हणाले. खोटं बोलले मी. मला… मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस." तिचा आवाज फाटला. तारांनी तो झेलला आणि आत कुठेतरी बारीक घुमवला.

बाहेर दोना ग्रासिंदाच्या सुरीची टकटकसुद्धा थांबली होती.

"कमी आहे," तेल्मो म्हणाला.

"काय?"

"जरासा कमी लागला. परत म्हण."

"आमच्यात परत—"

"माहितीये. परत म्हण."

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"अजून केसभर."

"जाऊ नकोस! तू मला आवडतोस. चार बोटी सोडल्यास तेव्हाही आवडत होतास आणि त्याआधी ओरडलास तेव्हाही. फार आवडतोस, तेल्मो. आवडतोस, आवडतोस, आवडतोस! बस झालं का?"

"हं," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. तारांवरून हात लांब करून त्यानं तिच्या गालाला बोटं लावली. "तिथेच थांब. हलू नकोस."

ती हलली नाही. झाकणाखाली जागा फार नव्हती आणि मध्ये दोनशेच्या वर तारा होत्या, पण कपाळाला कपाळ लागायला तेवढी पुरली.

"नको जाऊ का?" त्यानं विचारलं. "कळवतो त्यांना. सही काय, मोडता येते."

या क्षणी हो म्हणणं किती सोपं होतं! तिनं त्याचे हात पाहिले. लाकडापासून पियानो घडवायला निघालेले हात.

"जा," ती म्हणाली. "या खेपेला खरं सांगतेय. जा. आणि ये. दोन्ही एकदम म्हणतेय मी, नीट ऐक."

"ऐकलं."

"परत म्हणू?"

"म्हण."

तिनं परत म्हटलं.

मग त्यानं उरलेलं काम केलं आणि ती शेजारी स्टुलावर बसून राहिली. एकेक पट्टी तपासत तो वरून खाली आला. अगदी खालच्या बाजूला, तिच्या बासच्या दुसऱ्या तारेइतका खोल एक ला होता. तो त्यानं वाजवला, ऐकला. त्या एका पट्टीला दोन तारा होत्या, दोन्ही नीट जुळलेल्या. त्यानं किल्ली लावली आणि… त्यातली एक उतरवली.

"अरे! बिघडवलास की!"

"हो."

"उद्या मुलं गाणार आहेत!"

"एवढ्या खाली कोण जातंय." त्यानं किल्ली पेटीत ठेवून कडी लावली. बेसूर पट्टी मागे ठेवून जायचं म्हणजे त्याच्या जिवाला काय होत असेल, ते आता तिला कळत होतं. "ही मी आल्यावर लावीन. मीच. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

दारातून त्यानं वळून पाहिलं. "आणि मास्तरांना सांग, काही कापू नका. पण नाव नीट लिहा म्हणावं."

*

रेकॉर्ड वसंतात निघाली. पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एवारिश्तो, सॅक्सोफोन. निकोलाउ, ड्रम. मफाल्दा, डबल बास. तेल्मो, पियानो लावणे आणि रागावणे. ऐकणारे विचारतात, तो चिडलेला माणूस कोण हो? मास्तर सांगतात, आमचा चौथा वादक, सध्या परदेशी असतो.

गायनवृंदाच्या शिक्षकांना ती खालची पट्टी काही सोसेना. एकदा त्यांनी परस्पर दुसरा माणूस बोलावला. दोना ग्रासिंदा बटाट्याची सुरी हातात घेऊन सभागृहाच्या दारात उभी राहिली. "पियानो उत्तम आहे. सूप घ्या आणि घरी जा," ती म्हणाली. त्या माणसानं सूप घेतलं आणि तो घरी गेला.

हॅम्बुर्गहून पत्रं येतात, फोन येतात. लाकूड कसं वाळवतात ते तो सांगतो, ती इकडच्या बोटी सांगते. एकदा म्हणाला, तो चेस्टनट अजून कोटाच्या खिशात आहे, दगड झालाय त्याचा. बोलून झालं की घरात इतकं शांत होतं, की मफाल्दाला ते सोसत नाही. ठरवायचं नाही म्हणणारी ती आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिने खोडते. अजून चौदा राहिलेत. कधी कधी संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहते. साडेपाचची बोट येते, माणसं उतरतात, आणि ती एकेक चेहरा न्याहाळते, तो त्यात नाही हे पक्कं ठाऊक असूनसुद्धा.

सोमवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी मंडळात पोचते. बासची पिशवी उघडण्याआधी पियानोकडे जाते, झाकण वर करते आणि तो खालचा ला दाबते. वां… वां… वां… दोन तारा एकमेकींना घासतात, लाट उठते आणि हळूहळू विरते. ती शेवटपर्यंत ऐकते. अजून बेसूरच आहे. कुणी हात लावलेला नाही. तिला हायसं वाटतं, आणि ती झाकण अलगद लावून टाकते.